उत्तमदाजींची पाच बेटं

जानेवारीत एका सोमवारी सकाळी दाजींच्या उसाला तोडणीची टोळी आली. दाजींनी बांधावर नारळ फोडायला हात उचलला. हात वर गेला नाही. नारळ खाली पडला, दाजी खाली बसले, आणि त्यानंतर त्यांना बोलता आलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. अंथुर्ण्याचे उत्तमराव. गाव त्यांना उत्तमतात्या म्हणे, आणि ते मला, मेहुणा म्हणून, ‘पाव्हणं’ म्हणत. मी इंदापूरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवारचं जेवण पहिल्यापासून ताईकडे. चाळीस वर्षांत दाजींशी माझं जेवढं बोलणं झालं तेवढं आणखी कुणाशी झालं नसेल. खरं तर बोलणं त्यांचं असे आणि ऐकणं माझं. मला बोलायला फार सुचत नाही. दाजी म्हणत, “पाव्हणं बोलत न्हाईत ते बरं हाय. घरात एकानं तरी ऐकाय पायजे.”

ते उंच होते. हात मागे बांधून, जरा पुढे झुकून चालत. बोलताना घाई नसे. गावच्या बैठकीत सगळ्यांचं ओरडून झालं की मग ते टोपी काढून मांडीवर ठेवत आणि एक वाक्य बोलत. बहुतेक वेळा ते वाक्य एकच असे, “ऊस गेल्यावर बघू.” त्यावर कुणी हसत नसे, कारण आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. लग्नं, घराची रंगरंगोटी, डोळ्याचं ऑपरेशन, रुसलेल्या भावाची समजूत, सगळं ऊस गेल्यावर. ऊस कधी तोडायचा हे आमच्याकडे शेतकरी ठरवत नाही. लागवडीची नोंद कारखान्यात असते, त्या क्रमाने टोळी येते, आणि ती येईपर्यंत घरातला कर्ता माणूस गाव सोडत नाही. उभा ऊस सोडून परगावी गेलेल्या माणसाबद्दल लोक ज्या आवाजात बोलतात, तो आवाज आजाऱ्याला टाकून गेलेल्या माणसाबद्दलचा असतो.

अशा माणसाला वेस्ट इंडीजला जायचं होतं.

हे वेड जुनं होतं. तरुणपणी रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना ते ट्रान्झिस्टर बांधावर ठेवत, आणि तिकडचे क्रिकेट सामने आपल्याकडे रात्रीच ऐकू येत. खेळाडूंपेक्षा गावांची नावं त्यांच्या डोक्यात बसली. सामन्यात धावा किती झाल्या ते त्यांना कधी नीट सांगता आलं नाही, पण समालोचक म्हणाला होता की मैदानाच्या पलीकडे ऊस दिसतो, हे त्यांना पन्नास वर्षं लक्षात होतं. “समुद्राच्या कडंला ऊस,” ते म्हणत. “पाव्हणं, इचार करा. आपला ऊस कॅनॉलच्या कडंला.”

मुलगी मनीषा पुण्याला नोकरीला लागली, स्थिरावली, आणि एका दिवाळीत तिने आईबाबांना परदेशात फिरायला पाठवायचं काढलं. पुण्याच्या एका यात्रा कंपनीचं पुस्तक घेऊन आली. युरोप होतं, सिंगापूर होतं, मॉरिशस होतं. सोबत मराठी आचारी, रोज वरणभात, एकादशीला साबुदाणा. दाजींनी ते पुस्तक चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं.

“तितं बी पुरणपोळी देत्यात?”

“हो बाबा. सगळं आपलंच जेवण.”

“मंग जायाचं कशाला? हितंच बसून खातो की.”

तिने विचारलं, मग तुम्हाला कुठं जायचंय? दाजी म्हणाले, “बार्बाडोस.” मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. ताई भाकरी थापत होती, ती म्हणाली, “ह्ये कुठल्या तालुक्यात आलं?”

अशी सुरुवात झाली. कंपनी तिकडे नेत नव्हती, म्हणून बेत आम्हीच आखायचा ठरला. दर रविवारी जेवण झालं की बाजेवर नकाशा पसरायचा, मी मोबाइलवर इंग्रजीतून वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि दाजींनी बेट पसंत किंवा नापसंत करायचं. मुलीसाठी स्थळं पाहावीत तसं ते बेटं पाहत. एका बेटावर फक्त मोठमोठी हॉटेलं आहेत असं वाचलं तर म्हणाले, “पैशेवाल्याचं घर. नगं.” एका बेटासाठी वेगळा व्हिसा लागत होता. “लई मानपान हाय त्यांचा. सोडा.” असं करत पाच बेटं राहिली. बार्बाडोसला विमानाने उतरायचं. तिथून लहान विमानाने सेंट व्हिन्सेंट. पुढे बोटीने बेक्वे, बोटीनेच कॅरिअकू, आणि शेवटी ग्रेनाडा. एका बेटावरून दुसरं दिसतं, असं मी वाचलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. “म्हंजी हितनं शेजारचं निमसाखर दिसावं तसं.”

तो क्रम त्यांनी पाठ केला. बांधावरून चालताना ते मोठ्याने म्हणत. बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, बेक्वे, कॅरिअकू, ग्रेनाडा. सरीत पाणी सोडताना, दाढी करताना, चहाची वाट पाहताना. त्याला एक चाल लागली होती. पहिली तीन नावं सपाट, कॅरिअकूवर आवाज चढायचा आणि ग्रेनाडावर खाली यायचा.

ताईचा विरोध होता तो बारला. तिकडे समुद्रकाठी वाळूतच लाकडी टपऱ्या असतात, लोक अनवाणी येऊन बसतात, असं मी कुठल्याशा प्रवाशाचं वाचून दाखवलं, आणि दाजींनी लगेच ठरवलं की प्रत्येक बेटावर एका तरी टपरीवर बसायचं.

“दारूच्या गुत्त्यावर बसाय एवढ्या लांब जायाचं?” ताई म्हणाली. “गळ्यात माळ हाय तुमच्या.”

“मी पिणार हाय व्हय? नारळपाणी घीन. बारमधी नारळ असतो, पाव्हण्यांनी वाचलंय.”

“लोकं काय म्हणत्याल, उत्तमतात्या बारमधी बसलं.”

“हितल्या लोकांस्नी तितलं कसं दिसंल?”

“तुमीच फोटू टाकशीला गुरूपवर.”

जब्बारभाई तेव्हा ओट्यावर बसले होते. त्यांचं स्टँडवर किराणा दुकान आहे, आणि दोघांची मैत्री शाळेपासूनची. ते म्हणाले, “वहिनी, जाऊ द्या त्यांस्नी. हितं बी टपरीवरच बसत्यात दिवसभर.” दाजींनी तो धागा पकडला. “त्येच तर. आपली टपरी रस्त्याकडं त्वांड करून असती, त्यांची समुद्राकडं. एवढाच फरक हाय.”

ताई वळली ती जायफळामुळे. ग्रेनाडात जायफळाची झाडं आहेत, डोंगरभर, असं मी सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं. “जायफळ झाडाला कसं लागतं रे सुरेश?” मी चित्र दाखवलं. पिवळं फळ, आत लाल जाळी, त्या जाळीत बी. तिने ते बोटाने मोठं करून पाहिलं. जन्मभर पुरणात जायफळ किसलं होतं, आणि त्याला असं लाल काही असतं हे तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या रविवारी तिने मनीषाला फोन करून बूट मागवले. नऊवारीखाली ते पांढरे बूट घालून ती बांधावर चालायचा सराव करू लागली. दाजी लांबून बघत आणि मला म्हणत, “मिलट्रीत भरती झाली तुमची भन.”

लग्नापासून ही दोघं एकत्र कुठे गेली होती ते मी एकदा आठवून पाहिलं. जेजुरी, लोकांची लग्नं, दवाखाने. दोघांचे गुडघे अजून चालत होते. दाजींच्या डोक्यात हे पक्कं होतं, जरी ते असं बोलले नाहीत. “गुडघं हायत तंवर,” एवढंच म्हणायचे.

अडचण एकच होती. मी हवामान पाहिलं. तिकडे कोरडे, चांगले महिने म्हणजे डिसेंबर ते एप्रिल.

“म्हंजी आपल्या गाळपाच्या टायमाला.”

“हो.”

“आन् आपुन मोकळं असतो तवा?”

“तेव्हा तिथं वादळं असतात.”

ते नकाशाकडे बघत बसले. “देवानं बी कारखान्याला इचारूनच कॅलेंडर छापल्यालं दिसतंय.”

मग त्यांनी तोड काढली. त्यांचा ऊस आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, मागच्या जुलैतल्या लागवडीचा. तो हंगामाच्या सुरुवातीलाच जातो. नोव्हेंबरात, फार तर डिसेंबरात फड मोकळा होईल. जानेवारीत निघायचं. सगळं बसत होतं. ते वर्षभर इतके खुशीत होते की कारखान्याच्या सभेतही कुणाशी वाद घातला नाही.

ताई-दाजींच्या व्हिसासाठी आम्ही मुंबईला गेलो होतो ती गोष्ट ते पुढे सगळ्यांना सांगत. मधे विमान बदलायचं होतं, त्या देशाचा तो व्हिसा. काचेपलीकडे एक तरुण मुलगी होती, मराठी बोलणारी. तिने विचारलं, “काका, कशासाठी जाताय?”

“बघायला.”

“काय बघायला?”

“ऊस. आन् समुद्र.”

ती हसली. “तुमच्याकडे ऊस नाही का?”

“हाय की. पन त्यो माजा हाय. त्याच्याकडं बघितलं की काळजी वाटती. दुसऱ्याचा ऊस निवांत बघता येतो.”

ती मुलगी हसायची थांबली आणि तिने कागद पुढे सरकवले. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “खोटं बोललो का मी, पाव्हणं?” मी म्हटलं, नाही. जन्मभर त्यांनी पीक म्हणूनच पाहिलेली गोष्ट त्यांना एकदा नुसती पाहायची होती. हे मला तेव्हा रस्ता ओलांडताना जाणवलं, आणि मी त्यांचा हात धरला, म्हणजे रस्ता ओलांडायला धरला.

त्या वर्षी टोळ्या उशिरा आल्या. नोव्हेंबर गेला. कारखान्याचा शेतकीचा माणूस दर आठवड्याला मोटारसायकलवर येई, उसाकडे बघे, म्हणे, “तात्या, पुढच्या आठवड्यात.” डिसेंबर अर्धा गेला. उसाला तुरे आले, म्हणजे आता वजन घटणार. दाजी रोज सकाळी फडाभोवती फिरत आणि उसाला आजारी माणसासारखा हात लावून बघत. जानेवारीची तिकिटं मनीषाने फेब्रुवारीवर नेली.

ताई म्हणाली, “जब्बारभाई हायत, भावकी हाय. ऊस कुणाच्या बी देखत जाईल. आपुन निघू.”

“उबा ऊस टाकून?”

“त्याला काय पाय फुटणार हायत?”

“त्याला न्हाय फुटायचं. मला बी न्हाय फुटायचं, त्यो हितं असताना.” नंतर जरा वरमून म्हणाले, “तितं जाऊन मला समुद्र दिसायचा न्हाय गं. फडच दिसंल.”

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. ते काही बोलले ते आम्हाला कळलं नाही, जीभ जड झाली होती. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. ते हसले, म्हणाले, “हात झोपला हुता.” ताई घाबरली. मनीषा फोनवर रडून ओरडली की आत्ताच्या आत्ता बारामतीला दाखवा. मी गावातून गाडी आणून दारात उभी केली. दाजींनी गाडीवाल्याला चहा पाजला, आमच्याशी नीट बोलले, आणि मागच्या दाराने फडाकडे निघून गेले. ताई बूट न घालताच त्यांच्यामागे गेली. परत आली तेव्हा एकटी होती.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“दुसरं काय म्हणत्यात ते?” ती म्हणाली, आणि गाडीवाल्याला परत पाठवायला सांगितलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीने तगादा लावला. मनीषा पुण्याहून आली आणि भांडून गेली. जब्बारभाई दोन दिवस बोलले नाहीत. दाजी कुणावर रागावले नाहीत. टोळी आता चार शेतं पलीकडे आली होती, तीन, दोन. ते म्हणत, “आता कशाला जीव खाता? आलीच की.”

टोळी आली आणि नारळ पडला त्या सोमवारी मी तिथेच होतो. जब्बारभाईंची जीप होती. अंथुर्णे ते बारामती रस्त्यावर आमच्यापुढे उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, कांडी बाहेर आलेली. जब्बारभाई हॉर्न वाजवत होते. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणी लावलेली होती, त्याला ऐकू जात नव्हतं. दाजींचं डोकं ताईच्या मांडीवर होतं, डोळे उघडे होते. ते ट्रॉलीकडे बघत होते.

दवाखान्यात सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला आहे, वाचेचा भाग त्यातच येतो. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा राहिला. आणि बोलणं गेलं. ते तोंड उघडत, आवाज येई, शब्द येत नसे. पहिले काही दिवस ते स्वतःच्या आवाजाने दचकत. मग त्यांनी तोंड उघडणं सोडून दिलं. तिकडे गावात तोवर ऊस तोडून गेला होता. भावकीतल्या पोरांनी सगळं नीट केलं. ताई एकदा कपडे न्यायला गावी गेली आणि मोकळा फड बघून आली.

बारामतीत वाचेवर उपचार करणारी एक मुलगी होती. तिने आम्हाला सांगितलं की लहानपणापासून पाठ झालेलं कधी कधी शिल्लक राहतं. वार, पाढे, देवाचं काही. म्हणवून बघा. ताई रोज त्यांच्यासमोर बसून म्हणे, “सोमवार, मंगळवार…” आणि थांबे. ते तिच्या तोंडाकडे बघत राहत. पाढे झाले, अभंग झाले. काही आलं नाही. त्यांना घरी आणलं.

घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मनीषा आईला म्हणाली, “आई, ती तिकिटं मी रद्द करते.” आम्ही तिघं त्याच खोलीत होतो, ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून. ताई म्हणाली, “कुठली?” मनीषा म्हणाली, “बार्बाडोसची.”

बाजेवरून आवाज आला, “सेंट व्हिन्सेंट, बेक्वे, कॅरिअकू, ग्रेनाडा.”

सगळे शब्द स्पष्ट होते. तीच चाल होती. आम्ही जागेवर उठून उभे राहिलो. मनीषा मोठ्याने रडायला लागली. ताई त्यांच्या बाजेशी गेली, “काय म्हणला? पुन्ना म्हणा.” ते पुन्हा म्हणाले, पहिल्यापासून, पाचही नावं. स्वतःच थक्क झाल्यासारखे ते आमच्याकडे बघत होते. मी जब्बारभाईंना फोन केला. ते दुकान उघडं टाकून आले. त्या दिवशी घरात गोडाचं झालं.

आम्हाला वाटलं, वाचा परत येते आहे. ती परत येत नव्हती. जे उरलं होतं ते एवढंच होतं. तहान लागली तरी ते बेटं म्हणत, लघवीला जायचं असलं तरी बेटं म्हणत, पाय दुखला तरी. त्यांना काही सांगायचं असे, ते जोर करून तोंड उघडत, आणि बाहेर बार्बाडोस येई. ते थांबत, मान हलवत, पुन्हा प्रयत्न करत. पुन्हा तेच येई. ते ज्या चेहऱ्याने मग गप्प बसत तो चेहरा मी बघू शकत नसे. मी खिडकीबाहेर बघे.

भेटायला येणाऱ्या लोकांनी त्याचे अर्थ लावले. कुणी म्हणालं हे काही स्तोत्र आहे. एक लांबच्या आत्याबाई हात जोडून ऐकत. लोक ताईला म्हणत, “तुला बरं सगळं कळतंय त्यांचं.” कारण दाजी बेटं म्हणाले की ती उठे आणि पाणी देई, किंवा उशी सरळ करी, आणि ते शांत होत. मलाही तसंच वाटत होतं. एका रविवारी मी तिला विचारलं, तू कशावरून ओळखतेस, आवाजावरून?

“मला बी कळत न्हाय रे,” ती म्हणाली. “पाणी पाजून किती येळ झाला ते बघती आन् पाजती. अंदाजानं चाललंय. ते बी पित्यात, मी दिलंय म्हणून.”

तिकिटांचा प्रश्न तसाच होता. डॉक्टरांनी प्रवास शक्यच नाही म्हटलं होतं, त्यामुळे तसा प्रश्नही नव्हता. पण ताई अडून बसली.

“त्यांस्नी इचारल्याबिगर रद्द करायचं न्हाय.”

“आई, बाबांना कळतंय का काही?”

“कळतंय का न्हाय ह्ये तुला तरी कुठं कळतंय?”

म्हणून विचारायचं ठरलं. ताई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. डावा हात हातात घेतला. “आवं, जायाचं आता न्हाय जमत. रद्द करू?” त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, हो. मनीषाने सुटकेचा निःश्वास टाकला. ताई हलली नाही. तिने पुन्हा विचारलं, “का राहू द्यायची? नगं रद्द करू?” त्यांनी तशीच मान डोलावली, हो. तीच नजर, तेवढंच डोलावणं. तिने तिसऱ्यांदा विचारलं. मग तिने विचारलं, “मी कुसुम हाय न्हवं?” हो. “मी जब्बारभाई हाय न्हवं?” हो.

तिने त्यांचा हात मांडीवर परत ठेवला.

उपचारवाल्या मुलीने फोनवर सांगितलं की या आजारात हो आणि नाहीसुद्धा उलटसुलट होतं, कळत असूनही होतं, न कळूनही होतं. बाहेरून ठरवता येत नाही. मी घरी गेल्यावर त्या विषयावर मिळेल ते वाचलं. जन्मभर मी लोकांना पुस्तकं काढून दिली आहेत, कुठे काय मिळेल ते मला सांगता येतं. दाजींच्या आत काय चाललंय ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तिकिटं कुणी रद्द केली नाहीत. निघायचा दिवस फेब्रुवारीत आला. तो रविवार नव्हता, तरी मी गेलो. ताईने त्यांना आंघोळ घातली होती आणि प्रवासासाठी शिवलेला सदरा घातला होता, अर्ध्या बाह्यांचा, फिकट निळा. अंगणात खुर्चीत बसवलं होतं. ती म्हणाली, “कपाटात पडून होता. घातला.” दुपारभर आम्ही तिघं बसलो. विमानाची वेळ मला माहीत होती, तिला माहीत होती. ती वेळ झाली तेव्हा ती घरात जाऊन चहा करून आली.

संध्याकाळी जब्बारभाई आले. आजारपणात दाजींशी पहिल्यासारखं बोलणारे तेवढे ते एकटेच होते. सदरा बघून दारातच थांबले. “निघाला व्हय तात्या? मला न सांगता? तिकडनं मला टोपी आणायची सांगितली हुती, ध्यानात हाय का?”

दाजी हसले. अर्ध्या तोंडानेच, पण हसले. म्हणाले, “बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, बेक्वे…” आणि रडायला लागले. बराच वेळ रडले. जब्बारभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उभे राहिले. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं की या आजारात माणूस कारण नसतानाही रडतो, कारण नसतानाही हसतो, त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. त्यामुळे ते कशाने रडले हेही आम्हाला सांगता येत नाही.

ते ऑक्टोबरात गेले. दुपारी जेवून झोपले होते, त्या झोपेतच. त्या सकाळी ते काय बोलले असं लोक ताईला विचारत. जे रोज बोलायचे तेच, ती म्हणे. दहाव्याला जब्बारभाई सगळ्यांच्या मागे उभे होते. कावळा शिवायला वेळ लागला. कुणीतरी म्हणालं, काही राहिलं असेल मनात, बोला कुणीतरी. भावकीतले लोक एकेक पुढे होऊन म्हणाले, मनीषाला संभाळू, वहिनींना संभाळू, बांधाची कुरबूर करणार नाही. ताई उठली नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. नंतर कावळा आला.

या हिवाळ्यात मनीषा आईला म्हणाली, “आई, आपण दोघी जाऊ. त्याच पाच बेटांवर. बाबांना बरं वाटेल.” ताई माझ्याकडे वळून म्हणाली, “त्यांनी जा म्हटलं हुतं का नगं म्हटलं हुतं, एवढं कळलं असतं तर गेली असती.” मनीषाने पुन्हा विषय काढला नाही.

ताई अंथुर्ण्यात एकटी राहते. पाण्याची पाळी आली की मोटार ती स्वतः सुरू करते. मी रविवारी जातो. आम्ही दोघं जेवतो, आणि संध्याकाळच्या एसटीने मी इंदापूरला परत येतो.